मनोविकृतिरोधी औषधे : मुले व किशोरवयीन

भास, संभ्रम, तीव्र उन्माद किंवा अनावर चिडचिड आटोक्यात आणण्यासाठी १८ वर्षांखालील रुग्णांना दिली जाणारी औषधे. व्यवहारात ती ‘अँटिसायकोटिक’ म्हणून ओळखली जातात. त्यांतील बहुतेक औषधे मेंदूतील डोपामाइनच्या ग्राहींवर काम करतात. त्यांनी लक्षणे कमी होतात, मूळ आजार बरा होत नाही.

इतिहास : १९५२ मध्ये पॅरिसमध्ये झां दले व प्येर देनिकेर यांनी क्लोरप्रोमाझिनचा मनोरुग्णांवरील परिणाम नोंदवला. हॅलोपेरिडॉलसारख्या पहिल्या पिढीतील औषधांनी स्नायू आखडणे, कंप असे त्रास होत. दुसऱ्या पिढीतील औषधांत हे त्रास तुलनेने कमी असल्याने मुलांमध्ये त्यांचा वापर वाढला.

उपयोग : अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००६ मध्ये स्वमग्न मुलांच्या (५ ते १६ वर्षे) चिडचिडीसाठी आणि २००७ मध्ये किशोरांच्या छिन्नमनस्कतेसाठी (१३ ते १७ वर्षे) रिस्पेरिडोनला मान्यता दिली. स्वमग्नतेत हे औषध आक्रमकता व स्वतःला इजा करणे कमी करते; संवादातील मूळ अडचणी त्याने दूर होत नाहीत. टुरेट विकारातील तीव्र आचक्यांवरही काही औषधे वापरतात. मान्यतेबाहेरचा वापर मात्र वादग्रस्त ठरला आहे. रिस्पेरिडोनच्या अशा प्रसारासह इतर आरोप मिटवण्यासाठी जॉन्सन अँड जॉन्सनने २०१३ मध्ये २.२ अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचे मान्य केले.

दुष्परिणाम : वजनवाढीचा धोका मुलांना प्रौढांपेक्षा अधिक असतो. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, पहिल्यांदाच औषध घेणाऱ्या मुलांचे वजन सुमारे ११ आठवड्यांत ओलान्झापिनने सरासरी ८.५ किलो, तर ॲरिपिप्राझोलने ४.४ किलो वाढले. रिस्पेरिडोनमुळे प्रोलॅक्टिन वाढून मुलींची मासिक पाळी अनियमित होऊ शकते, मुलग्यांत स्तनवृद्धी दिसू शकते. क्लोझापिन इतर औषधांना दाद न देणाऱ्या छिन्नमनस्कतेसाठी राखून ठेवतात. त्याने श्वेतपेशी धोकादायक पातळीपर्यंत घटू शकतात, म्हणून नियमित रक्ततपासणी आवश्यक असते.

देखरेख : उपचारापूर्वी व त्यानंतर ठरावीक काळाने वजन, उंची, रक्तदाब, उपाशीपोटीची रक्तशर्करा व मेदद्रव्ये तपासतात. सुरुवात अल्प मात्रेने करतात. समुपदेशन, वर्तनोपचार व पालकांचे प्रशिक्षण सोबत चालू ठेवतात. औषध एकाएकी बंद केल्यास लक्षणे उलटण्याचा धोका असल्याने मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवतात.