मृदू ऊतींचा सार्कोमा : जागेनुसार बदलणारी शस्त्रक्रिया

स्नायू, चरबी, रक्तवाहिन्या, मज्जातंतूंची आवरणे अशा मऊ ऊतींत उद्भवणाऱ्या कर्करोगाला मृदू ऊतींचा सार्कोमा म्हणतात. प्रौढांच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण सुमारे १ टक्का असले, तरी त्याचे ५०हून अधिक प्रकार आहेत. गाठ न फोडता, भोवतीच्या निरोगी ऊतींच्या थरासह अखंड काढणे हा मुख्य उपचार होय. हा थर किती राखता येईल, हे गाठीच्या जागेवर ठरते.

हात व पाय : सर्वाधिक सार्कोमा येथेच, विशेषतः मांडीत, आढळतात. पूर्वी अवयव कापणे हाच उपाय मानला जाई. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने ४३ रुग्णांवर केलेल्या व १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अवयव राखून शस्त्रक्रिया व किरणोपचार केलेल्यांचे आयुर्मान अवयव कापलेल्यांपेक्षा कमी आढळले नाही. आज तज्ज्ञ केंद्रांत बहुतेक रुग्णांचा अवयव वाचतो. किरणोपचार शस्त्रक्रियेपूर्वी दिल्यास मात्रा कमी लागते. मात्र जखम भरण्यात अडचणी अधिक येतात. हा रोग पसरला, तर बहुधा फुप्फुसांत पसरतो. म्हणून छातीची तपासणी आवश्यक असते.

छाती व पोटाची भिंत : येथे गाठीसोबत बरगड्या किंवा स्नायूंचा भाग काढावा लागतो. उरलेली पोकळी जाळी व अन्य जागचे स्नायू वापरून भरून काढतात.

पोटाची मागील पोकळी : येथे गाठ निमूटपणे वाढते आणि निदानाच्या वेळी अनेकदा फार मोठी असते. मूत्रपिंड व मोठ्या आतड्याचा भागही गाठीसोबत काढावा लागू शकतो. त्याच जागी रोग पुन्हा उद्भवणे हा येथील मोठा धोका असून त्यामुळे दूरचे परिणाम हातापायांच्या तुलनेत उणे असतात.

डोके व मान : महत्त्वाच्या नसा व रक्तवाहिन्या जवळ असल्याने रुंद थर घेता येत नाही. म्हणूनच २०१७च्या अमेरिकी वर्गीकरणात येथील गाठींसाठी २ व ४ सेंटिमीटर, तर हातापायांसाठी ५, १० व १५ सेंटिमीटर अशा मर्यादा ठरवल्या आहेत.

गर्भाशय : येथील सार्कोमा साध्या फायब्रॉइडसारखा भासू शकतो. दुर्बिणीतून यंत्राने गाठीचे तुकडे केल्यास रोग पोटात पसरण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला.

पहिली शस्त्रक्रिया निर्णायक : चरबीची साधी गाठ समजून घाईने काढलेली गाठ सार्कोमा निघाली, तर उरलेल्या पेशींसाठी पुन्हा आणि अधिक मोठी शस्त्रक्रिया करावी लागते. यास्तव आधी एमआरआय, मग जाड सुईने तुकडा तपासणी आणि त्यानंतरच शस्त्रक्रिया, हा क्रम पाळावा. सुईचा मार्गही शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञाशी विचारविनिमय करून ठरवावा. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात हाडे व मृदू ऊतींच्या कर्करोगासाठी स्वतंत्र पथक आहे.

गाठ ५ सेंटिमीटरहून मोठी, खोलवर, वाढती किंवा काढूनही पुन्हा आलेली असेल, तर ती दुखत नाही म्हणून दुर्लक्षू नये. सार्कोमा अनेकदा दुखत नाही.