हावर (हिब्रू धातू)

हेत-बेत-रेश या व्यंजनांचा बायबलमधील धातू. अर्थ : जोडले जाणे, एकत्र येणे, संगत करणे, पिएल या क्रियारूपात 'जोडणे'. उगारिती व अरामी भाषांत याच धातूपासून 'सोबती' या अर्थाची नामे आढळतात.

वस्तूंची जोडणी. धातूचा सर्वांत तपशीलवार वापर निर्गम २६ मध्ये, निवासमंडपाच्या वर्णनात येतो. तलम सुताचे दहा पडदे, प्रत्येकी २८ हात लांब व ४ हात रुंद, पाच-पाच असे एकमेकांना जोडायचे. दोन्ही जोडांच्या काठांना पन्नास-पन्नास बिरडी लावून ती सोन्याच्या पन्नास आकड्यांनी अडकवायची, म्हणजे मंडप अखंड होतो. वरच्या बकऱ्याच्या केसांच्या अकरा पडद्यांना आकडे पितळेचे. येथे प्रत्येक पडदा वेगळा राहतो आणि तरीही मंडप एकच असतो. संगतीचा अर्थ समजून घेताना हा शिवणकामाचा संदर्भ मागे टाकणे योग्य नाही.

माणसांची संगत. उत्पत्ती १४:३ मध्ये राजे सिद्दीमच्या खोऱ्यात एकत्र येतात. २ इतिहास २०:३५–३७ हा उतारा विशेष महत्त्वाचा आहे. यहूदाचा राजा यहोशाफाट इस्राएलच्या अहज्याशी हातमिळवणी करून एसयोन-गेबेर येथे जहाजे बांधतो. संदेष्टा अलियेजर त्याबद्दल त्याचा निषेध करतो आणि जहाजे फुटतात. तीन वचनांत धातू तीनदा येतो. एकदा पिएलमध्ये, म्हणजे पडद्यांसाठी वापरलेल्याच क्रियारूपात. १ राजे २२ मध्ये मात्र यहोशाफाट अहज्याची माणसे जहाजांवर घेण्यास नकार देतो, आणि तेथे हा धातू नाही. दोन्ही वृत्तांतांचा मेळ कसा घालावा याविषयी एकमत नाही. होशेय ४:१७ मध्ये एफ्राईम मूर्तींशी जडला आहे. धातू स्वतः संगतीला बरी-वाईट ठरवत नाही. कोणाशी जोडले गेले, त्यावर ते ठरते.

पाठभेद. उपदेशक ९:४ च्या लिखित पाठात 'निवडला जातो' असे क्रियापद आहे. वाचनपरंपरा दोन व्यंजनांची अदलाबदल करून '(सर्व जिवंतांशी) जोडलेला आहे' असे वाचते. प्राचीन ग्रीक भाषांतराचा कौल वाचनपरंपरेकडे आहे, आणि जिवंतांच्या संदर्भात तोच पाठ ग्राह्य वाटतो.

मंत्रबंधन. अनुवाद १८:११ व स्तोत्र ५८:५ मध्ये धातू मंत्र घालणे या अर्थाने येतो. काही अभ्यासक हा वेगळा धातू मानतात.

नामे. 'हावेर' (सोबती) : उपदेशक ४:१० मध्ये पडल्यावर ज्याला दुसरा उठवतो तो. स्त्रीलिंगी 'हावेरेत' मलाखी २:१४ मध्ये पत्नीसाठी, विश्वासघाताच्या आरोपाच्या संदर्भात येते. मिश्नामध्ये दशमांश व शुद्धीचे नियम काटेकोर पाळण्याचे व्रत घेतलेला तो 'हावेर'. आधुनिक हिब्रूत (उच्चार 'खावेर') मित्र तसेच संस्थेचा सभासद.

स्थलनाम. हेब्रोन हे नगरनाम बहुधा याच धातूवरून.

नाणी. हास्मोनी राजवटीच्या नाण्यांवर महायाजकाच्या नावापुढे 'यहुद्यांचा हेवेर' असा उल्लेख आहे. 'हेवेर' म्हणजे सल्लागार मंडळ की सगळा समाज, हे निश्चित झालेले नाही.