प्राणवायूचे वाहक

गळिताचा हंगाम सुरू झाला की मुरगूडच्या रस्त्याने उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर बिद्रीच्या साखर कारखान्याकडे जाऊ लागतात. फडात कितीही ऊस उभा असो, वाहने नसतील तर गाळप होत नाही. आपल्या देहाचेही असेच आहे. भोवती हवा अमाप आहे. पण तिच्यातील प्राणवायू पेशीपेशीपर्यंत नेणारा वाहक नसेल, तर माणूस भर हवेत गुदमरतो. हा वाहक कोण, हे उमगण्यास मानवजातीला सतरा शतके लागली.

पवित्र शास्त्रात जीवनाची दोन स्थाने सांगितली आहेत. उत्पत्तीच्या ग्रंथात परमेश्वर मातीच्या मानवाच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो. लेवीय ग्रंथात प्राण्याचे जीवन त्याच्या रक्तात असल्याचे म्हटले आहे. मग श्वास आणि रक्त यांची गाठ पडते तरी कोठे? दुसऱ्या शतकातील वैद्य गेलन याने सांगितले होते, की हृदयाच्या मधल्या पडद्याला अदृश्य छिद्रे असून त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते. त्याचा अधिकार एवढा मोठा होता, की ती छिद्रे कोणाला दिसली नाहीत तरी बहुतेकांनी ती मानली. तेराव्या शतकात कैरो येथील वैद्य इब्न अल-नफीस याने मात्र अशी छिद्रे नाहीतच, रक्त फुप्फुसांतून फिरून डाव्या बाजूस येते, असे स्पष्ट लिहिले. युरोपला त्याची दाद फार उशिरा लागली.

युरोपात हीच गोष्ट छापून प्रथम मांडली ती मिगेल सर्व्हेटस या स्पॅनिश वैद्याने, 1553 मध्ये; आणि तीही वैद्यकाच्या नव्हे, धर्मशास्त्राच्या ग्रंथात! ईश्वराचा श्वास मानवाच्या रक्तात कसा उतरतो, याचा शोध घेता घेता तो फुप्फुसांपाशी पोहोचला. त्रैक्यासंबंधीच्या त्याच्या मतांमुळे त्याच वर्षी 27 ऑक्टोबर रोजी जिनिव्हात त्याला जिवंत जाळण्यात आले. शिक्षा देणारे प्रोटेस्टंट होते, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. तत्पूर्वी फ्रान्समधील व्हिएन येथे कॅथलिक न्यायासनानेच त्याला पकडले होते, आणि तो निसटल्यावर त्याच्या प्रतिमेला व ग्रंथांना अग्नी दिला होता. त्याच्या ग्रंथाच्या केवळ तीन प्रती आज शिल्लक आहेत. त्याचे धर्मविषयक मत आम्हांला मान्य नाही. पण मत अग्नीने खोडता येत नाही, हेही तितकेच खरे.

पुढे 1628 मध्ये विल्यम हार्वे याने रक्ताचे अभिसरण सिद्ध केले. 1661 मध्ये बोलोन्याच्या माल्पिगीला बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकाखाली केशवाहिन्या दिसल्या. श्वसन म्हणजे एक प्रकारचे मंद ज्वलन होय, हे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लाव्हाझिए याने दाखविले. गुऱ्हाळाच्या चुलवाणाला हवा लागते, तशीच ती देहालाही लागते. पण हे ज्वलन होते कोठे? लाव्हाझिएला वाटले, फुप्फुसांत. त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत एक धर्मगुरू होते: पाव्हिया विद्यापीठातील प्राध्यापक लाझारो स्पालांझानी. देहापासून वेगळे केलेले अवयवही प्राणवायू शोषतात व कार्बनी वायू सोडतात, असे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. 1799 मध्ये त्यांचे निधन झाले. हे संशोधन 1803 मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे फुप्फुस हे केवळ भरणीचे ठिकाण ठरले. खरे चुलवाण देहाच्या प्रत्येक कणात पेटलेले असते.

1864 मध्ये होप-सायलर याने रक्तातील तांबड्या द्रव्यास हिमोग्लोबिन हे नाव दिले. वाहक सापडला! या रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येकावर प्राणवायूचा एक रेणू बसतो. जणू चार मोळ्यांची गाडीच. नुसत्या द्रवात विरघळून 100 मिलिलिटर रक्तात जेमतेम 0.3 मिलिलिटर प्राणवायू मावतो. हिमोग्लोबिनमुळे तो 20 मिलिलिटरपर्यंत जातो. 1904 मध्ये ख्रिस्तियान बोर व त्याच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की जेथे कार्बनी वायू अधिक, तेथे हे द्रव्य आपला भार अधिक सहज सोडते. आखाड्यातील पैलवानाच्या राबणाऱ्या स्नायूला जास्त वाटा मिळतो तो यामुळेच.

हे ज्ञान पुस्तकी नाही, हे 2021 च्या एप्रिलने आपल्याला शिकविले. प्राणवायू आणण्यासाठी कळंबोलीहून विशाखापट्टणमकडे रिकामे टँकर घेऊन रेल्वेगाडी निघाली. 21 एप्रिल रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्याच दिवसांत आमच्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ तापाने आजारी होते. आम्ही दाराशी उभे राहून विचारपूस केली. ते हसून बोलले, धाप नव्हती; "घाबरू नका, उतार पडतोय," असे सांगून आम्ही परतलो. संध्याकाळी कोणा तरुणाने त्यांच्या बोटाला यंत्र लावले, तेव्हा आकडा 78 निघाला. ते वाचले, ते त्या तरुणामुळे. आमचे आश्वासन अज्ञानातून आले होते. धाप लागते ती मुख्यतः कार्बनी वायू साचल्याने. तो सहज बाहेर पडत राहिला, तर प्राणवायू घसरूनही माणसाला फारसे जाणवत नाही. लाल व अवरक्त प्रकाश सोडून हे ओळखण्याची युक्ती जपानच्या ताकुओ आओयागी यांनी 1974 मध्ये काढली. जगाला तिची सर्वाधिक गरज असतानाच, 18 एप्रिल 2020 रोजी, ते निवर्तले.

आता हे यंत्र घरोघरी आहे. पण त्याचीही मर्यादा आहे. गाड्या किती भरल्या, एवढेच ते सांगते. गाड्या किती आहेत, हे सांगत नाही. रक्तक्षय झालेल्या स्त्रीच्या बोटावरही आकडा 98 दिसू शकतो. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आपल्या भागात गुळाच्या खड्याने रक्त वाढते, असे म्हणतात. पण तेवढ्यावर विसंबू नये. पाण्याची घागर उचलताना आई थांबते, जिना चढताना सून कठड्याला टेकते, तेव्हा "कामाचा शीण" म्हणून विषय संपवू नका. रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नेमाने द्या. सर्वांना वाढून उरलेले जी खाते, तिच्या ताटात पालेभाजी आणि डाळ आधी पडू द्या. तिच्या श्वासाला पुरेसे वाहक मिळाले, तर सतरा शतकांचे हे ज्ञान आपल्या घरी पोहोचले, असे आम्ही समजू.