उधारीच्या वहीतली मॅगी

नातेपुत्यात पुणे-पंढरपूर रस्त्यालगत आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी काढलं, नंतर आमच्या मालकांनी चालवलं आणि गेली अठरा वर्षं गल्ल्यावर मी बसते. उधारीच्या जुन्या वह्या मी रद्दीत घातल्या नाहीत. लाल कापडी पुठ्ठ्याच्या त्या वह्यांत गावानं काय काय खाल्लं ते लिहिलेलं आहे. गोडेतेल पावशेर, गूळ अर्धा किलो, हरभरा डाळ, काडेपेटी. मग १९९०च्या सुमाराच्या एका पानावर सासऱ्यांच्या अक्षरात ‘म्यागी १’. पुढच्या महिन्यात त्याच खात्यावर ‘म्यागी २, अंडी २, कांदे पावशेर’.

ही दुसरी ओळ मी कितीदा तरी वाचली आहे. पहिल्या वेळी त्या घरानं पुड्यावर छापलं होतं तसंच करून खाल्लं असणार. महिन्याभरात त्यात आपलं काय घालायचं ते त्यांनी ठरवलंही होतं. मॅगी नूडल्स भारतात १९८३ साली आल्या, हे कुठेही वाचायला मिळतं. पण त्या नातेपुत्याच्या कधी झाल्या, हे मला ‘कांदे पावशेर’ या दोन शब्दांत दिसतं.

आमच्याकडे ताटात भाकरी पडली की पहिला प्रश्न, ‘कोरड्यास काय?’ नुसतं कुणी खात नाही. पुड्यातल्या नूडल्सनाही गावानं हाच प्रश्न विचारला.

माझं माहेर माण तालुक्यातलं. पुड्यातल्या शेवया मी पाहिल्या त्याच्या कितीतरी आधी पाटावरच्या शेवया हाताखालून गेल्या होत्या. उन्हाळ्यात आई खपली गहू धुऊन रात्रभर ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. सकाळी ते जात्यावर दळायचे, जुन्या लुगड्याच्या तलम तुकड्यातून गाळायचे, मिठाच्या पाण्यात पीठ भिजवायचं आणि तेलाचा हात लावून तार येईस्तोवर मळायचं. शेवयाच्या पाटाला बारीक खाचा असायच्या. त्याचं एक टोक बाजेवर, दुसरं जमिनीकडे. वरच्या टोकाला आई बसायची आणि पिठाचा गोळा तळव्याखाली दाबत पुढे सारायची. खाली मी बसायची. सुतासारखे धागे उतरायचे, ते तुटू न देता दोन्ही हातांवर झेलायचे आणि दांडीवर वाळत घालायचे. वारा सुटला की संपलं. सगळी तार एकमेकीला चिकटायची आणि आई न बोलता तो गुंता परत गोळ्यात मळायची. १९८२ साली लग्न होऊन आले तेव्हा माझ्या रुखवतात त्याच शेवया होत्या, कुरडया आणि पापडांच्या शेजारी.

म्हणून ‘दोन मिनिटांत’ हे शब्द कानावर पडले तेव्हा मला पहिली आठवण झाली ती आईच्या तळव्याची. ती दोन मिनिटं कुठून येतात, हे मी पुढे वाचून समजून घेतलं. जपानमध्ये ओसाकाजवळच्या इकेदा गावी मोमोफुकु आंदो नावाच्या माणसानं परसातल्या खोपटात खटपट करून १९५८ साली हे साधलं. युद्धानंतर तिथे अन्नाचे हाल होते आणि अमेरिकेचा गहू येत होता. लोकांनी त्याचा पाव खावा असा सरकारी आग्रह होता. आंदोंना वाटलं, आपले लोक शेवया खातात, तर याच्या शेवयाच का करू नयेत? त्यांनी त्या वाफवून तेलात तळल्या. तळताना आतलं पाणी वाफ होऊन निघून जातं, मागे बारीक भोकं राहतात. गरम पाणी घातलं की ते त्याच भोकांतून परत आत शिरतं. आम्ही पाणी उन्हानं काढायचो, त्यांनी तेलानं काढलं. हे कळल्यावर मला त्या पुड्याचं परकेपण उरलं नाही.

बाहेरून आलेलं धान्य आपलंसं करायचं कामही आम्हाला नवं नव्हतं. १९७२च्या दुष्काळात मी दहा वर्षांची होते. आई खडी फोडायच्या कामावर जायची, तिथे सुकडी मिळायची. रेशनवर अमेरिकेहून आलेली मिलो, ती तांबडी ज्वारी. तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, थापता थापता परातीतच फुटायची. आईनं पीठ उकळत्या पाण्यात भिजवून बघितलं, मग भाकरी जरा धरू लागली. चिंचेचा कोवळा पाला, लसूण आणि दोन मिरच्या वाटून तिनं त्यावर दिलं. तो आंबट-तिखट गोळा होता म्हणून मिलो घशाखाली उतरली. पुढे नूडल्समध्ये लोक काय काय घालतात ते बघताना मला वाटायचं, हे तर आईचंच चाललंय.

पाच रुपयांची लहान पुडी निघाली तेव्हा गिऱ्हाईक बदललं. तोवर मॅगी नोकरदारांच्या पोरांची होती. आता ऊसतोडीच्या बाया घेऊ लागल्या. आमच्या माळशिरस तालुक्यात नीरा उजव्या कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे, कारखाने आहेत. दिवाळी झाली की बीडकडच्या टोळ्या येतात आणि शिवारात कोप्या उभ्या राहतात. पहाटे अंधारात फडात जायचं, परत कधी यायचं ते गाडी भरण्यावर. अशीच एक बाई एका संध्याकाळी आली, कडेवर पोर.

“मावशी, पाचवाली एक पुडी द्या. अन् अर्धा किलो कणी.”

मी विचारलं, “एका पुडीत काय होतंय गं? खाणारी किती?”

“सहा.”

मग तिनं सांगितलं. तांदळाची कणी भरपूर पाण्यात शिजत टाकायची. शिजत आली की त्यात पुडी चुरून घालायची, मसाला सगळा, वर मूठभर शेंगदाण्याचा कूट आणि मीठ. पोरांना मॅगी खाल्ल्याचं समाधान, आणि पोट कणीनं भरतं. हातात कोयता धरून धरून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. त्या बोटांनी तिनं गल्ल्यावर सुटे पैसे मोजून ठेवले. मी घरी तसं करून बघितलं. चांगलं लागतं. कूट शेवटी घालायचा, नाहीतर तळाला लागतो.

अशी एकेक घराची रीत मला गल्ल्यावरच कळली. पावाऐवजी ज्वारीची कडक भाकरी चुरून नूडल्सच्या पातळ रश्श्यात भिजवणारे आहेत. मोडाची मटकी आधी वाफवून घेणारे आहेत. वर शेंगाचटणी भुरभुरणं तर सोलापुरात सांगावंही लागत नाही. हायस्कूलच्या एका पोरीची आई मसाल्याची पुडी अर्धीच घालते आणि उरलेली दुसऱ्या दिवशी बटाट्याच्या काचऱ्यांना वापरते. मीठही निम्मं होतं, ते मला फार पटलं. माझ्या सासूबाईंना मैदा पसंत नव्हता. त्या निम्मी मेथी आणि निम्म्या नूडल्स एवढीच परवानगी द्यायच्या, आणि नातवंडं मेथीसकट खायची.

२०१५च्या जूनमध्ये मॅगीवर बंदी आली. शिशाचं प्रमाण जास्त असल्याचा आक्षेप होता. आमची फळी रिकामी झाली. त्या वर्षी अधिक आषाढ होता, त्यामुळे माउलींची पालखी नातेपुत्यात मुक्कामाला आली ती जुलैत. आमच्या पडवीत एक दिंडी उतरते. पाऊस, चिखल, आणि तिच्यातली दोन कॉलेजची पोरं रात्री उशिरा विचारत आली, मॅगी आहे का. नव्हती. बचत गटाच्या बायांनी यंत्रावर केलेल्या शेवया होत्या. त्याच मी तुपाच्या हातावर भाजल्या, कांदा-मिरचीची फोडणी दिली, वर शेंगदाण्याचा कूट घातला. पोरं चुलीजवळ बसून पातेल्यातूनच खात होती. ऑगस्टच्या १३ तारखेला मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली आणि नव्यानं तपासण्या करायला सांगितल्या. नोव्हेंबरात माल परत बाजारात आला. वहीत पुन्हा ओळी सुरू झाल्या, पण त्या पाच महिन्यांत शेवयांचा खप वाढला होता तो पुढेही बराचसा टिकला.

आता नात पुण्यात शिकते, खोलीवर राहते. तिला मी दर खेपेला येसर पाठवते. धान्यं, डाळी आणि मसाला भाजून एकत्र दळलेलं हे पीठ आमच्याकडे लग्नाच्या आमटीला लागतं. नूडल्सच्या रश्श्याला चमचाभर लावलं की रस्सा दाट होतो, पोटाला धरतो, आणि वास घरचा येतो. पहिल्या वेळी तिचा फोन आला, “आजी, गाठी झाल्या गं.” तिनं पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकलं होतं. येसर आधी वाटीभर गार पाण्यात कालवायचं, मग बारीक धारेनं सोडायचं, आणि हात ढवळताना थांबवायचा नाही.