पाव, गुप्त सभा आणि चोरीला गेलेली यादी

मंडळी, मार्केट यार्डात पहाटे चहा-पाव खाताना पाव कोणी भाजला हे कोण विचारतं? 1849 च्या मुंबईत मात्र हाच पाव खायला गुप्त सभा काढावी लागली होती!

तिचं नाव परमहंस सभा. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिचा मोठा आधार. देव एक, जातिभेद नको, ही शिकवण. ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खायचा, मगच सभासद. बैठका बंद दाराआड, कारण वाळीत पडायची भीती.

सभेतले बाबा पदमनजी 1854 मध्ये उघडपणे ख्रिस्ती झाले. दादोबा हिंदूच राहिले, पण स्वीडनचा ख्रिस्ती गूढवादी स्वीडनबोर्ग त्यांना भावला. 1878 मध्ये त्याच्यावर त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं.

1860 च्या सुमारास सभासदांची यादीच चोरीला गेली. नावं फुटणार म्हटल्यावर सभा मोडली. पुढे 1867 मध्ये दादोबांचे भाऊ डॉ. आत्माराम आणि इतरांनी प्रार्थना समाज काढला, तो मात्र उघडपणे.

आपल्या पुण्यात जोतीरावांनी 1848 मध्येच मुलींची शाळा उघड काढली. घर सोडावं लागलं, तरी 1868 मध्ये आपला हौद सगळ्यांना खुला केला.

परमहंसवाल्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण यार्डात एका ताटात जेवणारे आपण, पोरांच्या लग्नाचा विषय निघाला की दार लावूनच बोलतो ना? पटतंय का, सांगा.