पंधरा दिवसांची नोटीस आणि एका संध्याकाळची मुदत

लेखी करार नसेल तर घरमालक वाटेल तेव्हा बाहेर काढू शकतो, हा समज आपल्या वस्त्यांमध्ये घट्ट बसला आहे. तो साफ खोटा आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०६ सांगते की, तोंडी बोलीवर घेतलेले राहते घर महिन्या-महिन्याच्या भाड्याचे मानायचे आणि ते रिकामे करून घ्यायला १५ दिवसांची लेखी नोटीस द्यायची. शेती आणि कारखान्यासाठी ६ महिने. (शेतीचे ६ महिने बहुतेक कागदावरच राहिले, कारण याच कायद्याचे कलम ११७ सरकारी अधिसूचनेशिवाय शेतीचे पट्टे वगळते. कुळांना १९३९ आणि १९४८ च्या कुळकायद्यांची वाट पाहावी लागली.)

पण हे कलम सुरू कसे होते? वेगळा करार, स्थानिक कायदा किंवा रूढी नसेल तर! रूढी या शब्दापाशी आपण थांबलेच पाहिजे.

१९१७ साली परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीवर रुजू झाले. हिंदू खाणावळीत जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने पारशी नाव सांगून ते पारशी विश्रामगृहात राहिले. रोजचे पैसे ठरले होते, ते भरत होते. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात आला आणि संध्याकाळपर्यंत निघून जा म्हणाला. त्यांनी आठवडाभराची मुदत मागितली. मिळाली नाही. कुणी म्हणेल, विश्रामगृहातला मुक्काम म्हणजे भाडेकरार नव्हे, आणि बडोदा संस्थान होते, तिथे ब्रिटिश कायदा कुठला. कबूल. पण पैसे वेळेवर देणाऱ्या माणसाला एका संध्याकाळची मुदत कुठल्या कायद्याने दिली? ती रूढीनेच दिली होती.

आज अशी रूढी चालवणे गुन्हा आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणाने कुणाला कुठल्याही वस्तीत घर घेण्यापासून वा राहण्यापासून अडवता येत नाही.

नोटिशीच्या नियमातही मालकांची सोय झालीच. पूर्वी नोटीस भाड्याच्या महिन्याच्या अखेरीसच संपावी लागे आणि तारीख चुकली की दावा फेटाळला जाई. २००२ च्या दुरुस्तीने ती अट गेली. मुदत कमी पडली, तरी दावा १५ दिवस उलटल्यावर दाखल झाला असेल तर नोटीस चालते.

महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आपल्या बाजूने बरेच काही बोलतो. तो लागू असेल तिथे नुसत्या नोटिशीने घर सुटत नाही, मालकाला कायद्यातले कारण कोर्टात सिद्ध करावे लागते. भाडे थकले म्हणून दावा करायचा तर मागणीच्या नोटिशीनंतर ९० दिवस थांबावे लागते. आणि कलम ५५ बघा: करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदला नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, उलट सिद्ध होईपर्यंत. म्हणजे कागद नाही, ही अडचण मालकाची.

आपल्यापैकी किती जण भाडे रोख देऊन पावती न मागता परत येतात? पावती देणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. या महिन्याचे भाडे द्याल तेव्हा ती मागा आणि मागच्या पावत्यांबरोबर जपून ठेवा.