इंजिनाशेजारची जागा

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशी पहिली एस.टी. धावली. त्या काळच्या बहुतेक गाड्यांचे इंजिन नाकासारखे पुढे, चालकाच्या दालनाबाहेर असे. पुढे आसने वाढवण्यासाठी हे नाक गेले आणि इंजिन चालकाच्या डाव्या हाताला, एका झाकणाखाली आले. प्रवाशांना जागा मिळाली. चालकाच्या वाट्याला धग आली.

नंदुरबार जिल्ह्यात तळोद्याहून धडगावला जाताना चांदसैलीचा घाट लागतो. चढावर इंजिन जास्त डिझेल जाळते. त्यातली जेमतेम तिसरा हिस्सा ऊर्जा कामी येते, बाकीची उष्णता होते. वेग कमी, म्हणून वाराही कमी.

ही धग तीन वाटांनी येते: पत्र्यातून वहनाने, फटींतून गरम हवेबरोबर अभिसरणाने आणि तापलेल्या धुराच्या नळीपासून प्रारणाने. या वाटा अडवण्याची विद्या मात्र जुनी आहे. काळा पृष्ठभाग पुष्कळ प्रारण सोडतो, चकचकीत धातू फार थोडे, हे जॉन लेस्ली यांनी १८०४ मध्ये दाखवले. १८९२ मध्ये जेम्स ड्यूअर यांनी दुहेरी भांड्यातली हवा काढून टाकली. त्याला चांदीचा मुलामा दिला की झाला आपला थर्मास.

इंजिनाच्या झाकणालाही हेच सूत्र लागू पडते: आतून चकचकीत ॲल्युमिनियम, मध्ये काचतंतूंची गादी, कडेने रबरी पट्टी. जुन्या स्पोर्ट्स कारच्या प्रतिकृती बांधणारे हौशी लोकही हेच करतात. फट राहिली, तर जाड गादीही वाया जाते.

वर्गात आपण दोन सारखे डबे घेऊ. एकाला काजळी फासू, दुसरा चकचकीत ठेवू. दोन्हींत सारखेच गरम पाणी भरून दर पाच मिनिटांनी तापमान मोजू. आधी कोणता निवेल? आणि चालकाकडची बाजू कशी असावी?